मनोविकारतज्ज्ञांचे प्रशिक्षण आणि औद्योगिक पट्टा : एक चिकित्सा

मनोविकारशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रबंध अनिवार्य आहे. त्यामुळे भावी तज्ज्ञांना संशोधनाचे शिक्षण आपोआप मिळते, असे सामान्यतः मानले जाते. हे मत तपासून पाहणे आवश्यक आहे. प्रबंधासाठी रुग्णांची निवड बहुधा संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागातूनच होते. जो तेथपर्यंत पोहोचत नाही, तो संशोधनाच्या कक्षेतही येत नाही.

या मर्यादेचा अर्थ पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरात विशेष स्पष्ट होतो. पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालये आहेत. खेड तालुक्यातील चाकणच्या कारखान्यांत मात्र पाळीवर राबणारा कंत्राटी कामगार एक खाडा पडला तरी मजुरी गमावतो. परप्रांतीय कामगारापुढे भाषेची अडचणही असते. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात विविध मनोविकारांबाबत उपचारांची तफावत ७० ते ९२ टक्के आढळली. त्या सर्वेक्षणातील १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजेच येथील उपचारवंचितांचे चित्र त्यातूनही उपलब्ध झाले नाही.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याचे कलम १८ वर्ग, जात, लिंग इत्यादी भेदांविना उपचारांचा हक्क देते. कलम ३१ नुसार तज्ज्ञांची संख्या दहा वर्षांत आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्याचे प्रयत्न शासनाने करावयाचे आहेत. ही मुदत २०२८ मध्ये संपते. परंतु केवळ संख्या वाढल्याने समन्याय साधेल, असे नाही. नवे तज्ज्ञही रुग्णालयाच्या दारातच थांबले, तर विषमता कायम राहील.

निवासी डॉक्टरांवर आधीच कामाचा मोठा भार असतो, हा आक्षेप रास्त आहे. तथापि त्यासाठी नवा विषय जोडण्याची गरज नाही. २०२० च्या नियमदुरुस्तीने आलेला तीन महिन्यांचा जिल्हा निवासी कार्यक्रम उपलब्ध आहे. त्या काळात कामगार वस्त्यांत सुटीच्या दिवशी वा पाळी सुटल्यावर तपासणी घेता येईल आणि प्रबंधाचा प्रश्नही तेथूनच निवडता येईल. मात्र हे काम कारखान्याच्या व्यवस्थापनामार्फत करणे धोक्याचे ठरेल, कारण आजाराची वाच्यता झाल्यास कामगाराचे कामच जाऊ शकते. गोपनीयता राखून रुग्णाच्या हक्काची बाजू मांडणे, हाच येथे पैरवीचा पहिला पाठ होय.

सारांश, संशोधन, पैरवी व समन्याय हे तीन स्वतंत्र विषय नाहीत. प्रबंधाचा नमुना कोठून घेतला, या एकाच प्रश्नाच्या उत्तरात तिन्हींची कसोटी लागते.