सिंदखेडकर लखुजी जाधवराव व होळीची आख्यायिका

होळीच्या रंगांत सिंदखेडचे देशमुख लखुजी जाधवराव यांच्या तोंडून आपली कन्या जिजाऊ व बाल शहाजी यांच्या सोयरिकीचा शब्द सहज निघाला, मालोजी भोसल्यांनीं तो तेथल्या तेथें धरिला, जाधवरावांनीं मागाहून नाकारिला आणि त्यावरून उभय घराण्यांचें वांकडें आलें, ही कथा उत्तरकालीन बखरींनीं रंगविली. ग्रँट डफानें इ. स. १८२६ च्या आपल्या ग्रंथांत ती घेतल्यापासून तिला इतिहासाचीच प्रतिष्ठा आली. आम्हांस ती ग्राह्य वाटत नाहीं.

कथेचा सारा भर मालोजींच्या हलकेपणावर आहे. परंतु मालोजींची पत्नी फलटणच्या निंबाळकरांची. ज्या घरीं फलटणकरांनीं मुलगी दिली, तें सिंदखेडकरांस अगदींच त्याज्य वाटावें, हें संभवत नाहीं.

परमानंदाच्या ‘शिवभारतां’त होळी नाहीं; तेथें जाधवराव संतोषानें कन्यादान करितात. शिवछत्रपतींच्या पदरचा कवि त्यांच्या आजोबांचा उपमर्द कशाला सांगेल, असा आक्षेप येईल. तो रास्तही आहे. मात्र याच कवीनें निजामशहाच्या दरबाराबाहेर खंडागळ्यांचा हत्ती बिथरल्याचा प्रसंग लपविला नाहीं. त्या दंगलींत मालोजींचे बंधु विठोजी यांचा पुत्र संभाजी याच्या हातून जाधवरावांचा पुत्र दत्ताजी पडला. संतापलेल्या जाधवरावांनीं संभाजीस ठार केलें. खुद्द जांवई शहाजीही घायाळ झाले. धन्याच्या कुळास व आजोळास एकदमच उणेपणा आणणारी हकीकत कवि पदरची कशाला रचील? वैराचें कारण हवेंच असेल, तर तें येथें आहे. रंगांत नव्हे, रक्तांत.

आणि तें वैर तरी किती टिकलें? एकदां मोगलांकडे जाऊन परतलेल्या लखुजींस निजामशहानें इ. स. १६२९ त दौलताबादेस दरबारांत मारविलें. त्यांच्यासह पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव हेही पडले. एकाच घराच्या तीन पिढ्या! लाहोरीच्या ‘बादशहानाम्यां’त सासऱ्याच्या या खुनानंतर शहाजींनीं निजामशाही सोडून मोगलांकडे बोलणें लाविल्याचें नमूद आहे. जन्माचा दावेदार असें वागत नसतो.

जाधवांच्या शाखांचे करीने व वंशावळी ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं होळीची कथा दिसतांच कागदाचा काळ व मोडीचें वळण प्रथम पाहावें. कागद डफाच्या मागाहूनचा असल्यास ती साक्ष नव्हे, नक्कलच असण्याचा संभव फार. दत्ताजीचा उल्लेख असलेला जुना कागद मिळाल्यास मात्र तो जसाच्या तसा, फाटलेल्या ओळींसह, छापावा.