चिलखताला ४२ आठवडे: एका खेळाचा नियम आणि आपलं मोजमाप

मागच्या लेखात आपण चल म्हणजे काय ते पाहिलं. आज मोजमापाबद्दल बोलू, पण उदाहरण जरा वेगळं घेते: टेबलटॉप रोलप्लेइंग गेम. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, आणि एक जण गेम मास्टर म्हणून बाकीचं सगळं जग चालवतो. पात्राने काही करायचं ठरवलं की ते जमलं का, हे नियम आणि फासे ठरवतात. म्हणजे प्रत्येक नियम हे जगाचं एक छोटं मॉडेलच असतं. आणि मॉडेल म्हटलं की ते तपासायला हवं.

यातला सगळ्यात प्रसिद्ध खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. त्याच्या २००३ च्या ३.५ आवृत्तीत 'क्राफ्ट' आणि 'प्रोफेशन' अशी दोन कौशल्यं आहेत. तुमचं पात्र लोहार असेल तर क्राफ्ट लागतं. आधी वस्तूच्या किमतीचा एक तृतीयांश भाग कच्च्या मालावर खर्च करायचा. मग दर आठवड्याला २० बाजूंचा फासा टाकून त्यात कौशल्याचे गुण मिळवायचे. ही बेरीज त्या वस्तूच्या काठिण्यांकापर्यंत पोहोचली, तर बेरीज गुणिले काठिण्यांक, इतक्या चांदीच्या नाण्यांचं काम झालं असं धरतात. किमतीएवढं काम साठलं की वस्तू तयार.

आता गणित करू. पूर्ण अंगाच्या चिलखताची किंमत १,५०० सोन्याची नाणी, म्हणजे १५,००० चांदीची. काठिण्यांक १८. दर आठवड्याला बेरीज २० आली असं धरा. २० × १८ = ३६०. १५,००० भागिले ३६०, म्हणजे जवळपास ४२ आठवडे. बेरीज २५ धरलीत तर ३४.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत फासाच काढून टाकला: दिवसाला ५ सोन्याच्या नाण्यांचं काम. त्याच किमतीच्या चिलखताला ३०० दिवस. आपले ४२ आठवडे म्हणजे २९४ दिवस! नियम बदलला, पण मुळातलं गृहीतक तेच राहिलं: वस्तू जितकी महाग, तितका वेळ जास्त.

हे गृहीतक कुठे मोडतं? एकाच नक्षीची एक अंगठी पितळेची आणि एक सोन्याची करा. कारागिरी तीच, काठिण्यांक तोच, तरी सोन्याची अंगठी कितीतरी जास्त वेळ खाते, कारण नियम हाताचं काम मोजतच नाही. तो किंमत मोजतो आणि तिलाच काम म्हणतो.

सेट-नेटची तयारी करताना विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांच्या व्याख्या तुम्ही पाठ केल्या असतील. हे त्याचं जिवंत उदाहरण आहे. तोच फासा आणि तेच गुण घेतले तर कुठल्याही टेबलावर उत्तर तेच येणार, म्हणजे विश्वसनीयता उत्तम. पण जे मोजायचं होतं ते मोजलंच जात नाही, म्हणजे सप्रमाणता नाही.

माझी मोठी तक्रार मात्र अपयशाबद्दल आहे. ३.५ मध्ये बेरीज थोडी कमी पडली तर त्या आठवड्यात प्रगती शून्य. पाच किंवा जास्तने कमी पडली तर कच्च्या मालाच्या निम्म्या किमतीचं नुकसान. 'काम फसलं, पण का फसलं ते कळलं' हा निकाल शक्यच नाही. लोहार ४२ वेळा फासा टाकतो आणि एकदाही काही ठरवत नाही. बाकीचे चौघे तोवर चहा पितात.

प्रोफेशनचंही तसंच. बेरजेच्या निम्मी सोन्याची नाणी ही आठवड्याची कमाई, मग तुम्ही आचारी असा की लेखनिक. तरी हे कौशल्य मला आवडायचं. पात्र गुहेत उतरण्याआधी पोटासाठी काय करत होतं, हे त्यातून कळायचं. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत ही दोन्ही कौशल्यं काढून टाकली. चुकीचं मोजमाप गेलं हे ठीक, पण मोजायची गोष्टही त्याबरोबर गेली.

वेगळा रस्ता 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या २०१० च्या खेळात दिसतो. त्यात सॅव्हीहेड नावाचं यंत्रं जुळवणारं पात्र आहे. त्याने कार्यशाळेत काही बनवायचं ठरवलं की गेम मास्टर 'हो' म्हणतो आणि एक ते चार अटी घालतो: इतके दिवस किंवा महिने लागतील, आधी अमुक भाग मिळवावा लागेल, अमक्याची मदत लागेल, कामचलाऊच बनेल, वगैरे. इथे किंमत ही अनेक अटींपैकी फक्त एक. आणि प्रत्येक अट खेळाडूला काहीतरी करायला लावते. यात दोष नाही असं नाही. सगळं गेम मास्टरच्या मर्जीवर आहे, दोन टेबलांवर दोन उत्तरं येतील. म्हणजे विश्वसनीयता कमी, पण सप्रमाणता जास्त.

हे मला इतकं का लागतं, तर दुसऱ्या वर्षी मी गॅस सेन्सर तपासायचा चेंबर बनवत होते. तीन महिने गळती सापडत नव्हती. वर्कशॉपमधल्या काकांनी झाकण हातात घेऊन ओ-रिंगच्या खाचेवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, खाच खोल झालीय." प्रगती अहवालात एकच रकाना होता: काम किती टक्के पूर्ण. मी ४० लिहिलं. तीन महिन्यांत काय शिकले, कोणाची मदत लागली, हे लिहायला जागाच नव्हती. समितीने विचारलं, "मागच्या वेळीही ४०च होतं ना?" मी गप्प बसले. त्या क्षणी मी तोच लोहार होते.

तर आता तुमचं काम. तुमच्या संशोधन आराखड्यातला एक आकडा निवडा आणि दोन प्रश्न विचारा. हा नेमकं काय मोजतो? आणि प्रयोग फसला, तर फसण्यातून कळलेली गोष्ट याच्यात कुठे दिसेल? दुसऱ्याचं उत्तर 'कुठेच नाही' असेल, तर आजच वेगळी वही घाला आणि तारीख टाकून लिहायला लागा. मी ती वही तिसऱ्या वर्षी घातली. उशीरच झाला.