राद्नोतीची अखेरची गोपगीते

मिक्लोश राद्नोती (१९०९–१९४४) या हंगेरियन कवीच्या अखेरच्या कवितांची चर्चा बहुधा त्यांच्या वहीपासून सुरू होते. जून १९४६ मध्ये ग्यॉर शहराजवळील अब्दा गावी एक सामुदायिक दफनखड्डा उकरला गेला, तेव्हा कवीच्या कोटाच्या खिशात ही वही सापडली. ही हकीकत इतकी हृदयद्रावक आहे की तिच्यापुढे कवितेचा विचार मागे पडतो. वही हा एक अवशेष ठरतो आणि कविता म्हणजे त्या अवशेषावरील मजकूर. परंतु या कवितांचे साक्षीमूल्य वहीच्या दैवगतीत नसून त्यांच्या रचनेतच आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हंगेरीत १९३८ पासून ज्यूविरोधी कायदे एकामागून एक संमत होत गेले. १९३९ च्या संरक्षण कायद्याने निर्माण केलेली ‘श्रमसेवा’ युद्धकाळात ज्यू पुरुषांच्या छळाचे साधन बनली. अंमल लष्कराचा, परंतु हाती शस्त्राऐवजी कुदळ-फावडे आणि दंडावर पिवळी फीत, असे तिचे स्वरूप होते. धर्मांतरितांसाठी फीत पांढरी असे. राद्नोतीने १९४३ मध्ये कॅथलिक पंथाची दीक्षा घेतली. तथापि कायद्याच्या लेखी तो ज्यूच राहिला. मे १९४४ मध्ये त्याला तिसऱ्यांदा श्रमसेवेत ओढण्यात आले आणि सर्बियातील बोर येथील तांब्याच्या खाणींच्या परिसरात, जर्मन युद्धयंत्रणेसाठी राबणाऱ्या हायडेनाऊ छावणीत धाडण्यात आले.

तेथे त्याने कोणता काव्यप्रकार हाती धरला? व्हर्जिलचे गोपगीत, आणि तेही षट्पदी अभिजात वृत्तात. यावरून कवीने वास्तवाकडे पाठ फिरवून मेंढपाळांच्या रम्य सृष्टीत आश्रय शोधला, असा आक्षेप सहज सुचतो. वस्तुतः व्हर्जिलच्या पहिल्या व नवव्या गोपगीतांचा विषयच मुळी बेदखली हा आहे. सैनिकांना वाटण्यासाठी ज्यांच्या जमिनी हिरावल्या गेल्या, असे लोक तेथे बोलतात. राद्नोतीने १९३८ मध्ये अनुवादासाठी निवडले ते हेच नववे गोपगीत, आणि त्याच वर्षी त्याने आपले पहिले गोपगीत लिहिले. म्हणजे हा काव्यप्रकार त्याने छावणीत विरंगुळा म्हणून उचललेला नव्हता. घर हिरावलेल्या माणसाची वाणी म्हणून तो त्याला आधीच परिचित होता.

वृत्त म्हणजे बंधन, हा आपल्याकडील मुक्तछंदविषयक वादात वारंवार येणारा विचारही येथे तपासून पाहण्याजोगा आहे. वेठीचे श्रम माणसाकडून काळाचे माप हिरावून घेतात. केव्हा उठावे, किती खणावे, कोठवर चालावे, हे दुसराच ठरवितो. सातव्या गोपगीतात (जुलै १९४४) कवी अंधारात चाचपडत, अक्षरांवरील चिन्हेही न देता लिहितो. परंतु ओळीची मात्रा मात्र ढळू देत नाही. एवढे एकच माप त्याच्या स्वाधीन उरले होते.

याच तत्त्वाचा विलक्षण आविष्कार सप्टेंबर १९४४ मधील ‘सक्तीची चाल’ या कवितेत दिसतो. येथे प्रत्येक ओळ मध्यभागी तुटते आणि कागदावर मोकळी जागा राहते. कोसळणे व पुन्हा उठणे हा त्या कवितेचा आशय डोळ्यांनाही प्रतीत होतो.

सर्वच रचना सारख्या उंचीच्या आहेत, असे मात्र नाही. कवी व संदेष्टा नहूम यांच्या संवादाच्या आठव्या गोपगीतात वक्तृत्वाचा अंश अधिक आहे. उलट ‘राझग्लेद्नित्सा’, म्हणजे चित्रपत्रे, या चार त्रोटक कवितांत वक्तृत्व पूर्णतः गळून पडते. ३१ ऑक्टोबर १९४४ रोजी लिहिलेल्या चौथ्या चित्रपत्रात सहबंदी वादकाची हत्या आहे, तीत कवीला स्वतःचाही अंत दिसतो, आणि हंगेरियन ओळींमध्ये मारेकऱ्याच्या भाषेतील एक जर्मन उद्गार तसाच ठेवलेला आहे. अवघ्या सात ओळींची ही कविता. तरीही यमक सुटलेले नाही.

नोव्हेंबरच्या आरंभी, चालण्यास असमर्थ ठरलेल्या बंद्यांसह, हंगेरियन पहारेकऱ्यांनी राद्नोतीला गोळी घातली. त्यांच्या हिशेबी तो निरुपयोगी झालेला एक मजूर होता. आपणही त्याला केवळ बळी म्हणून वाचले, तर नकळत तोच हिशेब मान्य केल्यासारखे होईल. त्याला कवी म्हणून वाचणे, त्याच्या ओळींचे गुणदोष मोजणे, हाच त्याचा खरा सन्मान होय.