हौदाचे गणित आणि संगणकाचा पडदा

एका नळाने हौदात पाणी येते, दुसऱ्याने जाते. हे गणित आपण पाचवी-सहावीतच घालतो. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेत टेक्सास सिटी येथील बीपीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात तेच चुकले. १५ माणसे दगावली, १८० जखमी झाली.

दुरुस्तीनंतर सुरू केलेल्या १७० फुटी ऊर्ध्वपातन मनोऱ्यात तीन तासांहून अधिक काळ द्रव येत राहिला. बाहेर जाण्याची झडप बंद होती. पातळीमापक तळाच्या सुमारे ९ फुटांपुरताच. तो उत्प्लावक बलावर चालणारा, आणि आता पुरता बुडालेला. द्रव तापून त्याची घनता कमी झाली, तसा पडद्यावरचा आकडा उतरू लागला! आत मनोरा भरतच होता. अखेर द्रव माथ्यावरून बाहेर पडला व वाफेचा ढग पेटला.

मापक चुकतात, ते आम्ही समजू शकतो. आमचा आक्षेप नियंत्रणाच्या संगणक-प्रणालीवर आहे. आत किती आले, बाहेर किती गेले, हे आकडे ती वेगवेगळ्या पडद्यांवर दाखवी. वजाबाकी मात्र करून देत नसे. आजचे कारखानी सॉफ्टवेअर सेकंदागणिक हजारो मापने साठवते, रंगीत आलेख काढते. (साठवण म्हणजेच हिशेब, अशी विक्रेत्यांची समजूत दिसते.)

चालकांनी कार्यपद्धती पाळली नाही, हेही चौकशीत निघाले, आणि ते खरेच आहे. पण सलग २९ दिवस बारा-बारा तास राबलेल्या माणसाने दोन पडदे आलटूनपालटून पाहावेत व वजाबाकी मनात करावी, ही अपेक्षा आम्हांला मान्य नाही.