वंशावळीची शेवटची ओळ

दिवाळीत सारे कुटुंब एकत्र जमले की आमच्या घरी एक जुनी वही बाहेर निघते. माझ्या आजोबांनी टाकाने काढलेली वंशावळ तीत आहे. फराळ आटोपला की मुले वहीभोवती कोंडाळे करून आपापल्या बापाचे नाव शोधतात. गेल्या दिवाळीत माझ्या नातीने विचारले, "आजोबा, यात आत्या कुठे आहे?" मी चष्मा पुसत बसलो. आत्या वहीत नव्हती. आत्याच काय, माझी आईही नव्हती!

कुलवृत्तांत या वाङ्मयप्रकाराचा विचार टीकाकार फारसा करीत नाहीत. तो वाङ्मय नव्हेच, अशी समजूत आहे. परंतु घराघरांत जपून ठेवलेला ग्रंथ म्हणून पाहिले तर पुष्कळ कादंबऱ्यांना त्याचा हेवा वाटावा. त्याची रचना ठरलेली असते : मूळपुरुष, त्याचे गाव, कुलदैवत, गोत्र, मग शाखा आणि उपशाखा. प्रत्येकाला दोनचार ओळी मिळतात. जन्म, शिक्षण, नोकरी, मृत्यू. मुलगा झाला तर रेघ पुढे जाते. न झाला तर तिथेच थांबते. संपादकाने कितीही मेहनत घेतलेली असो, या रेघेची शिस्त त्याला मोडता येत नाही. मला वाटते, या प्रकाराचा खरा दोष हाच. तो वंश मोजतो, नाते मोजत नाही.

मृतांचा माग काढण्याची साधनेही आपल्याकडे तुटपुंजी. आमच्या सोलापुरात लिंगायत बांधवांत दफनाची चाल आहे. मुसलमानांची, ख्रिस्ती मंडळींची माती ठरल्या जागी असते. जिथे दगड बसवलेला असतो, तिथे वारसाला निदान बोट ठेवायला जागा मिळते. आम्ही दहन करणारे मात्र अस्थी चंद्रभागेत सोडून रिकाम्या हाताने घरी येतो. मागे उरते ती नगरपालिकेच्या मृत्यूच्या दाखल्यातली नोंद आणि तीर्थोपाध्यायांच्या वहीतली ओळ. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या वह्यांत कैक पिढ्यांची नावे सापडतात, ती कुणी नातलग तिथे क्रियाकर्म करायला गेला म्हणून. अर्थात, जो दूर जाऊन तिकडेच मेला, तो या वह्यांतूनही निसटतो.

अशा निसटलेल्या एका सोलापूरकराची गोष्ट साऱ्या जगाला ठाऊक आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकात ते होते. चौघे परत आले. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्याने तिकडेच वारले. त्यांना तिथे मूठमाती दिली गेली, आणि पुढे शिच्याच्वांग शहरातील हुतात्म्यांच्या उद्यानात त्यांची समाधी झाली. ज्या घरात कुणाच्या नावाचा दगड असण्याची रीत नाही, त्या घरच्या मुलाचा दगड असा परमुलखात उभा राहिला!

त्यांचे आयुष्य निरनिराळ्या साधनांनी जपले आहे. प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारून पाहतो : सोलापुरात वाट पाहणाऱ्या आईला यात आपला मुलगा सापडला असता काय?

समाधी सर्वांत खरी, पण सर्वांत अबोल. ती देह कुठे आहे ते सांगते. कुणाचा होता ते सांगत नाही. ख्वाजा अहमद अब्बास यांचे इंग्रजी पुस्तक १९४४ साली निघाले. परतलेल्या डॉ. बसूंच्या कथनाचा त्याला आधार आहे. त्याचे नावच 'आणि एक परत आला नाही' अशा अर्थाचे. गंमत अशी, की पुस्तक चीनची हकिगत सांगते आणि नाव मात्र सोलापूरच्या उंबरठ्यावरचे आहे. 'परत आला नाही' हे रणांगणावरचा माणूस म्हणत नाही. घरी थांबलेला म्हणतो. लेखकाला हे वाक्य सुचले, इथे त्याची पत्करावी अशी थोरवी आहे.

शांतारामबापूंचा चित्रपट १९४६ सालचा. तो चरित्र म्हणून पारखला तर जागोजाग नाटकी वाटेल. पण त्याचा शेवट आठवा. मृत्युशय्येवरचा डॉक्टर आपल्या चिनी पत्नीला घरची वाट सांगतो आहे, आणि पडद्यावर ती मुलाला घेऊन सोलापूरच्या दारात येते आहे. प्रत्यक्षात क्वो छिंग-लान चीनमध्येच राहिल्या. म्हणजे प्रसंग कल्पित. तरीही मला तो खोटा म्हणवत नाही. सुनेचे पाऊल घरात पडले पाहिजे, ही जी ओढ आहे, ती कोणत्या दप्तरात लिहिणार?

या दोघांची पहिली भेट झाली तीही डॉ. नॉर्मन बेथ्यून या कॅनडाच्या शल्यविशारदाच्या समाधीच्या उद्घाटनाला. त्यांच्या मुलाचा जन्म २३ ऑगस्ट १९४२ चा. बाप गेला तेव्हा तो साडेतीन महिन्यांचा होता. त्याचे नाव ठेवले होते यिन-हुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. दोन अक्षरांचा एवढा मोठा कुलवृत्तांत मी दुसरा पाहिलेला नाही. हा मुलगाही १९६७ साली, ऐन पंचविशीत गेला.

आजोबांच्या वहीत असते, तर इथे रेघ थांबली असती. शाखा समाप्त.

पण प्रत्यक्षात काही समाप्त झाले नाही. क्वो छिंग-लान पुढे अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या, उतारवयात त्यांनी सहजीवनाच्या आठवणी सांगितल्या आणि त्या पुस्तकरूपाने निघाल्या. २०१२ साली त्या निवर्तल्या. त्याच वर्षी भय्या चौकातले कोटणीसांचे घर महापालिकेने स्मारक म्हणून लोकांना खुले केले. नवरा नाही, मुलगा नाही, भाषा एक नाही, आणि मधे दोन देशांचे युद्धही होऊन गेलेले. तरी सत्तर वर्षे नाते टिकले, ते कोणत्या रेघेवर? वंशावळीत या रेघेला खूणच नाही.

म्हणून कुलवृत्तांताच्या संपादकांना माझे सांगणे आहे. दाखले शोधा, दगड वाचा, तारखा ताडून पाहा. त्यावाचून सारे ऐकीव. पण जिथे मुलगा संपतो तिथे लेखणी ठेवू नका. लेकी कुठे नांदल्या, सुना कुठून आल्या, दूर गेलेल्याची वाट कुणी पाहिली, तेही लिहा.

आमच्या वहीत पाने उरली आहेत. नातीने त्यातल्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आत्याचे नाव लिहून ठेवले आहे. या दिवाळीत मी ते शाईने गिरवणार आहे, आणि त्याखाली माझ्या आईचे लिहिणार आहे.