पांढऱ्या वाघाचा वंश

नौदलाच्या हवाई तुकडीचे बोधचिन्ह ही तळहाताएवढी संहिता. तरी ती कवितेसारखी वाचता येते, आणि तशी वाचली की तिने काय गाळले तेही दिसते. भारतीय नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचा पांढरा वाघ मी तसाच वाचतो आहे.

दर्यावरच्या तुकडीला रानातला प्राणी कशाला? इतर चिन्हे शेजारी ठेवली की गंमत वाढते. ३०३ला काळा बिबळ्या, ३१०ला नाग. किनाऱ्यावरून लांब पल्ल्याची टेहळणी करणाऱ्या ३१२ला मात्र अल्बट्रॉस. विमानवाहू जहाजावरच्या तुकड्यांना जंगल, आणि जमिनीवर परतणाऱ्यांना समुद्रपक्षी! माझ्या मते या निवडीत दर्याला स्थानच नाही. आहे ती झडप. पाणबुड्यांच्या मागावर राहणाऱ्या ३१०च्या आलिझे विमानांना नाग त्यातल्या त्यात शोभला.

पांढरेपणाचे काय? तो दुर्मीळतेचा दावा आहे. पांढरा वाघ ही निराळी जात नव्हे. आईबाप दोघांकडून तो गुण आला तरच पिल्लू पांढरे. पिंजऱ्यातल्या पांढऱ्या वाघांचा मोठा वंश १९५१ साली रेवा संस्थानच्या रानात पकडलेल्या मोहनपासून चालला. स्क्वाड्रनचा वंश रक्ताचा नाही, क्रमांकाचा आहे. विमाने बदलतात, आकडा आणि वाघ राहतात.

इतिहास मात्र या रुबाबाशी जुळत नाही. जुलै १९६० मध्ये वेल्समधल्या ब्रॉडी तळावर ही तुकडी सी हॉक विमानांसह उभी राहिली, तेव्हा ब्रिटिश नौदल तीच विमाने आघाडीवरून काढून घेत होते. ४ डिसेंबर १९७१ला त्यांनी ‘विक्रांत’वरून कॉक्स बझारवर हल्ला केला, पुढे चितगाववर, जहाजाच्या बॉयलरला तडा गेलेला, वेगावर मर्यादा आलेली. जुन्या विमानांनी आणि अधू जहाजाने लढलेली ही लढाई मला वाघाच्या ऐटीपेक्षा मोठी वाटते.

१९८३ मध्ये सी हॅरियर आली. पुढच्या तीन दशकांत त्यांतली निम्म्याहून अधिक अपघातांत गेली, काही वैमानिकही गेले. ११ मे २०१६ला गोव्यात दाभोळीच्या ‘हंसा’ तळावर त्यांना निरोप दिला गेला आणि त्याच समारंभात मिग-२९के विमाने या तुकडीत आली. वाघ तोच राहिला. जवळच बोगमाळोच्या संग्रहालयात जुनी सी हॉक आणि सी हॅरियर उभ्या आहेत. चिन्हाने गाळलेला मजकूर तिथे वाचावा लागतो.