‘एम्प्रेस’ : एका व्यापारनामाचा अर्थ

व्यापारनामाचा अर्थ केवळ नाव ठेवणाराच्या हेतूवरून लावता येत नाही. नागपूरची एम्प्रेस मिल हे याचे ठळक उदाहरण होय. १ जानेवारी १८७७ रोजी व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले. त्याच दिवशी जमशेटजी टाटा यांची ही गिरणी सुरू झाली व तिला हे नाव मिळाले. कंपनीचे नोंदलेले लांबलचक नाव कागदावरच राहिले. पुढे १८८६ साली मुंबईच्या गिरणीस त्यांनीच ‘स्वदेशी’ हे नाव दिले. या दोन नावांवरून मालकाची मूल्ये ठरवू पाहणाऱ्याचा गोंधळच उडेल.

‘एम्प्रेस’ला प्रतिष्ठेचा अर्थ आला तो गिरणीच्या व्यवहारामुळे. निवृत्तिवेतन निधी १८८६ साली आणि अपघाताची भरपाई १८९५ साली तेथे सुरू झाली. कामगार भरपाईचा कायदा व्हावयास १९२३ साल उजाडले. गौरवपर लेखनात याला निव्वळ औदार्य म्हटले जाते, ते पटण्याजोगे नाही. प्रारंभी कामगारांची गैरहजेरी ही गिरणीची मोठीच अडचण होती, आणि टिकणारा कामगार मिळविण्याचा हिशेब या योजनांमागे होता. तथापि हिशेब होता म्हणून त्या योजना लटक्या ठरत नाहीत. कायद्याची सक्ती नसताना असा हिशेब मांडणारे गिरणीमालक त्या काळी थोडेच होते.

शास्त्रकारांच्या भाषेत, येथे रूढीने योगास मागे सारले. परंतु रूढीस आधार व्यवहाराचा होता. १९८६ साली गिरणी टाटांकडून राज्य शासनाच्या महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद पडली. आज त्या जागेवरील बाजारसंकुलाचे नावही ‘एम्प्रेस’च आहे.